कळतं, मग वळत का नाही?

दारूचा विषय निघाला की आपल्याकडे वाद कसा होणार हे आधीच ठरलेलं असतं. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली तेव्हा तो झाला. २०२१ मध्ये ती उठली तेव्हा झाला आणि जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हाही झाला. पात्रं तीच, संवादही तेच. एक बाजू म्हणते, ज्याला स्वतःचं लिव्हर सडताना दिसतं, पोरांची फी थकलेली दिसते आणि तरी जो पितो, तो मुळातच नालायक. दुसरी म्हणते, छे, तो आजारी आहे, त्याच्या मेंदूवर त्याचा ताबाच नाही, त्याला बोल लावू नका. तिसरी महसुलाचे आकडे काढते, नाहीतर ‘माझे पैसे, माझा ग्लास’ म्हणून मोकळी होते. या तिघांच्याही बोलण्यात एक माणूस कधी येत नाही. सकाळी दहा वाजता तो मनापासून ‘आज नाही’ म्हणतो आणि संध्याकाळी सात वाजता तितक्याच मनापासून क्वार्टर मागवतो.

‘कळतं पण वळत नाही’ हे आपण टोमणा म्हणून वापरतो. पण मेंदूत जे घडतं त्याचं याहून नेमकं वर्णन कुठल्या पाठ्यपुस्तकातही सापडायचं नाही. कळण्याची यंत्रणा वेगळी आणि वळण्याची वेगळी. माझं म्हणणं असं आहे, की पिणाऱ्याच्या डोक्यातला तराजू मोडलेला नसतो. सुख आणि परिणाम दोन्ही तो तोलतो, फक्त जे लांब आहे आणि जे अनिश्चित आहे त्याचं वजन त्यात फार हलकं भरतं. म्हणून दूरच्या, मोठ्या, होईल-न-होईल अशा परिणामांची भीती घालणारं धोरण फसतं. परिणाम जवळचा, खात्रीचा आणि लहान असेल, आणि न पिण्याचा मोबदलाही तितकाच जवळचा असेल, तर तोच तराजू बरोबर चालतो. ज्याला दिसत नाही त्याला समजावणं किंवा ज्याला चालता येत नाही त्याची कीव करणं, यापलीकडे वादात काही आणायचं असेल तर आधी हा काटा कसा फिरतो ते पाहायला हवं.

त्यासाठी थोडं गणित लागतं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ जॉर्ज एन्स्ली यांनी १९७५ मध्ये मांडलं, की प्राणी आणि माणूस दोघंही भविष्यातल्या गोष्टीची किंमत बँकेच्या चक्रवाढ व्याजासारखी एकसारख्या दराने कमी करत नाहीत. जवळ येताच ती एकदम उसळते. पुढे जेम्स मेझर यांनी त्याला सोपं सूत्र दिलं: गोष्टीची मूळ किंमत भागिले ‘एक अधिक अधीरता गुणिले वाट पाहण्याचा वेळ’. समजण्यापुरते आकडे घेऊ. संध्याकाळी सातला पिण्याचं सुख ४० गुणांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला होणारं नुकसान, म्हणजे बुडालेली हजेरी, घरातला तंटा, डोक्याचा ठणका, १०० गुणांचं. अधीरता तासाला ०.२. आता सकाळी दहाला हिशेब मांडा: सुख नऊ तासांवर, त्याचं वजन १४.३, नुकसान एकवीस तासांवर, त्याचं वजन १९.२. नुकसान जड, म्हणून ‘आज नाही’. हा निश्चय खोटा नसतो. दुपारी चारला दोन्ही पारडी २५ वर बरोबरीत येतात. आणि सातला दुकानासमोर उभं राहिल्यावर सुख पूर्ण ४०, नुकसान २९.४. मूळ आकडे तेच, माणूस तोच, माहितीत काडीचा फरक नाही, तरी निर्णय उलटा. किंमत चक्रवाढ पद्धतीने एकसारखी घटत असती तर हा काटा दिवसभरात एकदाही फिरला नसता. पैशांच्या निवडीवर झालेल्या प्रयोगांत दारूचं अवलंबन असलेल्यांची, म्हणजे दारूवाचून ज्यांचं चालत नाही अशांची, अधीरता इतरांपेक्षा जास्त आढळते. त्यातली किती आधीपासूनची आणि किती दारूने आणलेली, हे वेगळं काढणं अवघड आहे, बहुधा दोन्ही.

मग सकाळी खरी वाटलेली शपथ संध्याकाळी मोडली म्हणून त्या माणसाला ढोंगी म्हणायचं का?

या गणितावर डोपामिन आणखी एक थर चढवतं, आणि त्याच्याबद्दल जितकं चुकीचं लिहिलं जातं तितकं मेंदूतल्या दुसऱ्या कुठल्याच रसायनाबद्दल लिहिलं जात नसेल. डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन नव्हे. वोल्फ्राम शुल्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या पेशींची नोंद घेतली. सुरुवातीला फळांचा रस मिळाला की डोपामिन-पेशी चेतत. रसाआधी दरवेळी दिवा लागू लागल्यावर त्या दिव्याला चेतू लागल्या आणि रसाला गप्प राहू लागल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्या नेहमीपेक्षाही मंद होत. म्हणजे हा ‘काहीतरी मिळणार’ याचा इशारा आहे, आणि मिळालं नाही तर त्याची कमतरता टोचते. पिणाऱ्याच्या बाबतीत दिवा म्हणजे काय? शनिवारचा पगार, चौकातलं वळण, बर्फाचा खळखळाट, चखण्याच्या शेंगदाण्यांचा वास, त्या एका मित्राचा फोन. तल्लफ ग्लासात नसते, वळणावर असते. केंट बेरिज यांनी ‘आवडणं’ आणि ‘हवंसं वाटणं’ हे मेंदूत वेगळे असल्याचं दाखवलं, आणि जुन्या पिणाऱ्यांना विचारलं तर तेही हेच सांगतात: पूर्वीसारखी मजा येत नाही, पण घेतल्याशिवाय राहवत नाही. आवड ओसरते, ओढ वाढते.

शिवाय दारू तोलणाऱ्यालाच बदलते. १८० मिलिची एक क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोल, म्हणजे सुमारे ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. दहा ग्रॅमच्या मापाने सहा ड्रिंक. स्ट्राँग बिअरची ६५० मिलिची बाटली ८ टक्क्यांची असेल तर चार. लिव्हर तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम निपटतं, म्हणजे एका क्वार्टरला सहा ते नऊ तास. तोवर मेंदूत ब्रेक लावणारी गाबा यंत्रणा जोरात असते आणि ग्लुटामेटची चेतना दबलेली. कपाळामागचा जो भाग उद्याचा विचार आत्ता डोळ्यांसमोर धरून ठेवतो तो लवकर मंदावतो. क्लॉड स्टील आणि रॉबर्ट जोसेफ्स यांनी १९९० मध्ये याला दारूमुळे येणारी लघुदृष्टी म्हटलं: जवळचं ठळक, लांबचं धूसर. ‘फक्त एकच’ हा निर्णय शुद्धीतला मेंदू घेतो. तिसरा पेग कोण मागवतो? त्याच्याकडे सकाळी सात वाजताचा हिशेबच नसतो. रात्री अकराला झिंगलेल्या माणसाला पोराच्या भवितव्यावर व्याख्यान देणं किती व्यर्थ आहे हे यातून उमगावं. ज्या यंत्राला ते ऐकायचं आहे ते त्या वेळी बंद असतं.

आता ‘हा आजार आहे’ म्हणणाऱ्यांची बाजू. ती हलकी नाही. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या व्यसन-संशोधन संस्थेचे प्रमुख अॅलन लेशनर यांनी व्यसन हा मेंदूचा आजार आहे असं ठामपणे मांडलं आणि त्या मांडणीने पोलीस चौकीतला विषय दवाखान्यात नेला, हे मोठं काम झालं. जुळ्यांवरच्या अभ्यासांतून धोक्याचा जवळपास निम्मा वाटा आनुवंशिक दिसतो. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अचानक तुटली की सहा ते चोवीस तासांत हात थरथरतात, घाम फुटतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांत भ्रम होऊन माणूस दगावूही शकतो. म्हणून अशा माणसाला ‘आजपासून बंद’ म्हणून खोलीत कोंडणं धोक्याचं आहे. त्याला डॉक्टरच्या देखरेखीखाली उतरत्या मात्रेत बेंझोडायझेपिन हे शामक औषध आणि थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, लागतं, आणि सलाइनमधून ग्लुकोज चढवायचं असेल तर थायमिन आधी. एप्रिल २०२१ मध्ये निर्बंधांमुळे दुकानं बंद असताना यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण गेले. बाटलीवर काय लिहिलंय हे त्यांना वाचता येत नव्हतं का?

स्वीडनमधल्या लिन्शॉपिंगच्या संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेला उंदरांवरचा प्रयोग तर आजारवाद्यांचा हुकमाचा एक्का आहे. दारूसाठी कळ दाबायला शिकलेल्या उंदरांना दुसरी कळ दिली, ती दाबली की सॅकरिनचं गोड पाणी. सुमारे १५ टक्के उंदीर दारूलाच चिकटून राहिले. पायाला विजेचा झटका बसला तरी कळ दाबत राहिले, क्विनाइनने दारू कडू केली तरी पीत राहिले. त्यांच्या मेंदूतल्या अमिग्डला या भागात गाबा उचलून नेणारं एक प्रथिन कमी पडलेलं सापडलं, आणि अवलंबन असताना मेलेल्या माणसांच्या मेंदूतही तोच प्रकार दिसला.

हे सगळं मान्य. पण तोच प्रयोग पुन्हा वाचा. उरलेल्या ८५ टक्क्यांनी काय केलं? दुसरी कळ मिळताच दारू सोडून दिली. तीही दारू शिकलेलीच जनावरं होती. त्यांना ना समुपदेशन झालं ना शिक्षा. त्या पिंजऱ्यात दारूशिवाय घेण्याजोगं दुसरं काही आलं, एवढंच. आजाराची भाषा १५ टक्क्यांना आधार देते आणि ८५ टक्क्यांना ‘तुमच्या हातात काही नाही’ असं चुकीचं सांगते. अमेरिकेत २००१-०२ मध्ये ४३ हजारांवर प्रौढांची पाहणी झाली. पूर्वी कधीतरी दारूचं अवलंबन असलेल्यांपैकी त्या वर्षी अजूनही अवलंबित असणारे फक्त पाव हिस्सा होते, आणि आयुष्यात कधी उपचार घेतलेलेही जेमतेम पाव हिस्सा. कॅन्सर किंवा क्षय असा आपोआप ओसरत नाही. आणि बाहेरून लावलेल्या मोबदल्याला प्रतिसाद देणारा आजार तर विरळाच. नॅन्सी पेट्री यांनी २००० मध्ये दारूचं अवलंबन असलेल्या ४२ माजी सैनिकांवर साधा प्रयोग केला. फुंकर तपासणीत दारू आढळली नाही, तर बरणीतून चिठ्ठी काढायची. बहुतेक चिठ्ठ्यांवर किरकोळ बक्षीस, एखादीवर मोठं. आठ आठवड्यांनी नेहमीच्या उपचारात २२ टक्के टिकले होते, चिठ्ठ्यांच्या गटात ८४ टक्के. ही लाच झाली, असं म्हणणारे भेटतात. पण दारू तरी दुसरं काय देते? तीही हातात लगेच ठेवलेली लाचच आहे, आणि तिचा भाव आपल्याहून चढा आहे एवढंच.

इथे पहिली बाजू खूश होते: बघा, सोडता येते, म्हणजे न सोडणारा नालायकच! इतकं सरळ नाही. ज्यांची सुटली त्यांची केवळ इच्छाशक्ती दांडगी होती असा पुरावा नाही. त्यांच्या आयुष्यात दुसरी कळ आली: नोकरी, लग्न, नवं गाव, नवे सोबती. व्हिएतनाममध्ये अमेरिकी सैनिकांपैकी साधारण पाचवा हिस्सा हेरॉइनच्या आहारी गेला होता. ली रॉबिन्स यांनी परतलेल्यांचा माग काढला, तर पहिल्या वर्षात त्यांतले सुमारे पाच टक्केच पुन्हा अवलंबित झाले होते. इच्छाशक्ती विमानात बसल्यावर वाढली असेल का? बदलली ती जागा, संगत आणि इशारे. ज्याला मायदेशी परतायची सोय नाही, ज्याची झोपडी गुत्त्याच्या मागच्याच गल्लीत आहे, त्याला नावं ठेवण्याआधी हे लक्षात घ्यावं.

आपल्याकडे हे शहाणपण प्रयोगशाळेच्या कितीतरी आधीपासून आहे. पंढरीची माळ घ्या. माळकरी दारू-मांसाला शिवत नाही, आणि ही शपथ गळ्यात सगळ्यांना दिसते. ती मोडायची तर आधी माळ उतरवावी लागते, आणि ते गावाला त्याच दिवशी कळतं. दहा वर्षांनी होणाऱ्या लिव्हरच्या सिरोसिसच्या जागी आज संध्याकाळची नाचक्की: परिणाम जवळ आला, खात्रीचा झाला. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सात वाजताची जागा रिकामी राहत नाही, तिथे भजन येतं, टाळ येतात, ‘माउली’ म्हणणारी माणसं येतात. दारू सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना आधार देणाऱ्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा बहुतेक ठिकाणी संध्याकाळी का असतात, याचं उत्तरही तेच. गटारीला यथेच्छ पिऊन पुढे अख्खा श्रावण कोरडा काढणारे हजारोंनी आहेत. ‘एवढे उपास करता, मग गणपतीनंतर का पिता’ म्हणून त्यांची थट्टा होते. मला तो श्रावण फार बोलका वाटतो. महिनाभर नियम स्पष्ट, सोबत सगळ्यांची, रोजच्या रोज तोलायची भानगड नाही. मात्र श्रावणाच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशी ज्याचे हात थरथरतात त्याने उपासाची जिद्द न धरता डॉक्टर गाठावा. तो पंधरा टक्क्यांतला असू शकतो.

भीतीच्या फलकांची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण तीत खोली नाही. सिरोसिस व्हायला बहुधा दहा वर्षांहून जास्त काळ जातो, आणि वर्षानुवर्षं भरपूर पिणाऱ्यांपैकी साधारण दहा ते वीस टक्क्यांनाच तो होतो. म्हणजे परिणाम लांबचाही आणि अनिश्चितही. ‘आमचा आजा नव्वदीपर्यंत प्यायचा’ हे वाक्य म्हणूनच प्रत्येक गावात ऐकू येतं, आणि ते खोटंही नसतं. हँगओव्हर तरी जवळचा, तो का शिकवत नाही? दारू पाच-दहा मिनिटांत मेंदूत पोचते, ठणका आठ तासांनी येतो, आणि मधल्या वेळात मेंदूने दोन्हींचा सांधा जोडलेला नसतो. एक अपवाद आहे, मजेशीर. पहिल्यांदाच रम पिऊन भडाभडा ओकलेल्या माणसाला पुढे वर्षानुवर्षं रमच्या नुसत्या वासाने मळमळतं. नव्या चवीनंतर तासांनी आलेलं आजारपणही शरीर त्या चवीच्या नावावर मांडतं, हे जॉन गार्सिया यांनी उंदरांवर दाखवलं होतं. पण चव ओळखीची झाली की ही सोय संपते. ओकणारा दुसऱ्या दिवशी वडापाव खराब होता म्हणतो.

शिक्षेकडे येऊ. इटालियन विचारवंत बेकारिया याने १७६४ मध्येच लिहिलं होतं, की गुन्हा रोखायला शिक्षेच्या क्रूरतेपेक्षा तिची खात्री आणि तत्परता जास्त कामाची. आपण अडीचशे वर्षं उलटं करतो आहोत. गाडी चालवताना रक्तात १०० मिलिलीटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल नको, हा आपला कायदा. रिकाम्या पोटी ६० मिलिच्या एका लार्ज पेगनेही ती रेघ ओलांडली जाऊ शकते. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा हजार रुपये झाला, सहा महिन्यांपर्यंतची कैद आधीपासूनच होती. दंड भला थोरला, पण पकडलं जाण्याची शक्यता किती? एकतीस डिसेंबरची नाकाबंदी सोडली तर रस्ता मोकळा, आणि पकडलंच तर कोर्टाची तारीख पुढची. सातच्या तराजूत या दंडाचं वजन गुंजभरही भरत नाही. त्याउलट अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्याने २००५ मध्ये काय केलं ते पाहा. दारू पिऊन वारंवार गाडी चालवणाऱ्यांनी रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, साधारण बारा तासांच्या अंतराने ठाण्यावर येऊन फुंकायचं. दारू सापडली की तिथल्या तिथे एक-दोन रात्री कोठडी. वर्षभराची कैद नाही, भाषण नाही. नव्याण्णव टक्क्यांहून जास्त तपासण्या कोऱ्या निघाल्या. ज्या तालुक्यांत हे चाललं तिथे दारू पिऊन वारंवार गाडी चालवल्याच्या अटका १२ टक्क्यांनी आणि घरगुती हिंसेच्या ९ टक्क्यांनी घटल्या. यांत असे लोक होते ज्यांच्याबद्दल ‘याचा ताबाच नाही’ असं कुणीही शपथेवर सांगितलं असतं. बिहारने २०१६ मध्ये संपूर्ण बंदी आणून शिक्षा इतक्या कडक केल्या की २०१८ आणि २०२२ मध्ये त्या सैल कराव्या लागल्या. तरी डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात विषारी दारूने सत्तरहून जास्त माणसं मेली.

याचा अर्थ दारूबंदी मागणाऱ्या बायकांचं चुकतं का? त्यांचा मुद्दा या सगळ्या वादातला सर्वांत वजनदार आहे आणि शहरी उदारमतवादी त्याला नेहमी बगल देतात. पिणाऱ्याच्या तराजूत त्याचं सुख असतं, त्याचं नुकसान असतं. बायकोच्या पाठीवरचा वळ त्यात कुठे असतो? तिच्या वजनाला पारडंच नाही. चंद्रपूरच्या बायका २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर चालत गेल्या त्या हे पारडं मागायला. ‘माझे पैसे, माझा ग्लास’वाल्यांनी आधी त्यांना उत्तर द्यावं. बंदीने अंतर वाढतं, आणि अंतर हेच तर या तराजूचं मर्म आहे. दुकान चौकात नसलं की नवशिका आणि अधूनमधून पिणारा खरोखर कमी पितो. जोतीराव फुल्यांनी १८८० मध्ये पुणे नगरपालिकेकडे पत्र लिहून तक्रार केली होती ती भरवस्तीतल्या दारूच्या दुकानांविरुद्ध. पिणाऱ्याच्या चारित्र्याऐवजी त्यांनी दुकानाच्या जागेवर बोट ठेवलं, आणि मला ते आजच्या कितीतरी भाषणांपेक्षा शास्त्रशुद्ध वाटतं. दुकान बंद करायचं का यावर होणारं आडव्या बाटलीचं मतदानही याच जातीचं. फक्त त्यात झालेल्या मतदानाच्या निम्म्याऐवजी यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्या मतांची अट घालून सरकारने दार अर्धं लावून घेतलं आहे. मजुरी बुडवून रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईकडून आपण आमदारकीलाही लागत नाही इतकं मताधिक्य मागतो.

पण संपूर्ण बंदी दोन गोष्टी एकत्र करते. अंतर वाढवते हे बरोबर, आणि पिणाऱ्याला गुन्हेगार करते हे चूक. मुंबई इलाख्यात १९४९ च्या कायद्याने बंदी आली आणि वस्त्यावस्त्यांत हातभट्ट्या पेटल्या. ज्याचं अवलंबन पक्कं आहे त्याच्यासाठी अंतर वाढत नाही, उलट फुगा किंवा पिशवी घरपोच येते. तीत मिथेनॉल हे विष आहे की नाही हे चवीवरून कळत नाही. कळतं ते अर्ध्या-एका दिवसाने, डोळ्यांपुढे धुकं दाटल्यावर. जून २०१५ मध्ये मालवणीत शंभरहून जास्त माणसं अशीच गेली, आणि तेव्हा मुंबईत बंदीही नव्हती. स्वस्त दारूची भूक होती, तेवढी पुरली. किंमत वाढवण्याचा रस्ता मला जास्त पटतो, पण त्यालाही खड्डे आहेत. स्कॉटलंडने मे २०१८ पासून दारूच्या दर एककाला, म्हणजे तिथल्या आठ ग्रॅम अल्कोहोलच्या मापाला, ५० पेन्सची किमान किंमत लावली आणि पुढच्या अडीचेक वर्षांत थेट दारूने होणारे मृत्यू अपेक्षेपेक्षा १३ टक्क्यांनी कमी झाले. पण अवलंबन असलेल्यांपैकी काहींनी दारूऐवजी जेवणावरचा खर्च कापला. म्हणजे पुन्हा तेच: बहुसंख्यांना तराजू पुरतो, थोड्यांना औषध लागतं.

औषधाबद्दल आपल्याकडे जे अज्ञान आहे ते रेल्वेच्या भिंतींवर वाचायला मिळतं: ‘नकळत द्या, दारू सोडवा’. त्या पुडीत बऱ्याचदा काहीच कामाचं नसतं, आणि डायसल्फिराम असेल तर ती भयंकर गोष्ट आहे. दारूचं विघटन अॅसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थापाशी अडकवणारं हे औषध. वर दारू गेली की दहा ते तीस मिनिटांत चेहरा लाल, छातीत धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळतो. हृदय कमकुवत असेल तर जीवही जातो. शेवटच्या घोटानंतर किमान बारा तास जाऊ द्यावे लागतात, आणि गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. चोरून दिल्याने जीव धोक्यात येतो तो येतोच, वर औषधाचा मुद्दाही वाया जातो. डायसल्फिरामचा खरा उपयोग शरीरावर नाही, तराजूवर होतो. ‘आज प्यायलो तर अर्ध्या तासात फजिती’ हे माहीत असणं हेच औषध आहे. ज्याला माहीतच नाही त्याच्या पारड्यात काय पडणार? म्हणून ती गोळी सकाळी घ्यायची, चारच्या आधी, काटा आपल्या बाजूला असताना, आणि घरच्या कुणासमोर किंवा दवाखान्यात. देखरेखीशिवाय ती फसते, कारण माणूस संध्याकाळी दारू टाळण्याऐवजी सकाळी गोळी टाळतो. नॅलट्रेक्सोन दुसऱ्या बाजूने काम करतं. रोज ५० मिलिग्रॅम, दारूने सुटणाऱ्या एंडॉर्फिन या सुखद रसायनाची वाट अडवून सुखाचंच वजन घटवतं. साधारण बारा जणांना दिल्यावर, न दिल्यापेक्षा एका जास्त माणसाचं बेफाम पिणं थांबतं. चमत्कार नाही, पण रक्तदाबाच्या औषधांचे आकडे ज्यांना माहीत आहेत ते नाक मुरडणार नाहीत. अफूवर्गीय वेदनाशामक चालू असणाऱ्यांना ते देता येत नाही आणि लिव्हर तपासावं लागतं. दिल्लीच्या एम्सने २०१९ मध्ये दिलेल्या राष्ट्रीय अहवालात दारूचं अवलंबन असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कधीतरी कसलेतरी उपचार मिळाल्याचं दिसलं. बाकी ३७ जण पुडीवर आणि शिव्यांवर.

महागड्या केंद्रांशिवाय काय होऊ शकतं हे शेजारच्या गोव्याने दाखवलं आहे. तिथल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर चाचणी झाली, २०१७ मध्ये निष्कर्ष आले. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. बैठका जास्तीत जास्त चार, प्रत्येकी अर्धा-पाऊण तास. बोलणं पापपुण्याचं नाही: कधी पितोस, कुणाबरोबर, कुठल्या वळणावर, त्या वेळी दुसरं काय करता येईल, नाही कसं म्हणशील. वर्षभराने नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात ३२ टक्के धोक्याच्या रेघेखाली आले होते, या गटात ५४ टक्के. आपल्या प्रत्येक तालुक्यात आशा कार्यकर्त्या आहेत, केंद्रं आहेत, दहा प्रश्नांची तपासणीची प्रश्नावलीही तयार आहे: आठ गुणांवर सावध, विसावर डॉक्टरकडे. दारूच्या करातून येणाऱ्या पैशाचा लहानसा हिस्सा यावर खर्चायला कुठल्या अधिवेशनाची वाट पाहायची?

इंग्लंडने १८८३ मध्ये एक छोटा कायदा केला: मजुरांना दारूच्या गुत्त्यात पगार वाटायला बंदी. तोवर मुकादम शनिवारी संध्याकाळी तिथेच बसून पैसे मोजायचा. त्या कायद्याने ना कुणाला आजारी ठरवलं ना नालायक, बाटलीही फोडली नाही. पैसे हातात पडण्याची जागा आणि समोर ग्लास येण्याची जागा यांच्यात काही पावलांचं अंतर टाकलं. आपल्याकडे अजूनही बांधकामावरचा आणि भट्टीवरचा हिशेब शनिवारी दिवेलागणीला होतो, रोख, नाक्यावर. तो शुक्रवारी सकाळी कामाच्या जागेवर करायला मुकादमाला कुणी अडवलेलं नाही.